गळ्यातल्या आठ डब्या

दसऱ्याला आमच्या आंबेटाकळीत तालमीचा दगड बसला. दगडावर सात नावं कोरलीत. त्यातली पाच बरोबर हायेत. दोन वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अन् जी दोन नावं सगळ्यांत वर पायजे व्हती, ती त्या दगडावर कुठंच न्हाईत. लोक म्हणतात, शांतम्मा, सणाच्या दिवशी तू तमाशा केला. केला. कामून केला तेबी ऐका, मंग नावं ठिवा.

तीन वर्सांमागली गोष्ट. निजामाचं राज्य व्हतं, अन् आमचं गाव जिंतूरपासून तीन कोसावर, म्हणजे राज्याच्या नजरंतून कुठंच न्हाई. हिवतापानं गाव खाल्लं व्हतं. वीस-बावीस वर्सांचे गडी, पण पोटात पानथरी वाढलेली अन् दंड बघावं तर वाळल्या पऱ्हाटीसारखे. त्यात आप्पाराव पाटलाची वेठ. पाटलाच्या रानात फुकट राबा, साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला पोचवा. न्हाई म्हणायची ताकदच कुणाच्या अंगात नव्हती, तर तोंडात कुठून येणार?

त्या साली सेलूहून चार जण चालत आले. व्यायाम मंडळाचे म्हणे. एका गावात दोन महिने ऱ्हायचं, पोरांना दंड-बैठका, लेझीम, कुस्ती शिकवायची, अन् पुढच्या गावाला जायचं. पगार न्हाई, काई न्हाई. त्यांचे मुख्य दिनकरराव, शाळामास्तर माणूस, बोलायला गोड. गावानं त्यांना जेवायला घराघरानं वार लावून दिले. आमच्याकडं सोमवार आला.

जागा आमच्या गोठ्याच्या भिंतीपलीकडची पडकी ओसरी. कुस्तीच्या हौदाला तांबडी माती लागती, अन् आमच्याकडं तर सगळी काळी. खाजामियाँ पिंजाऱ्यानं आपली गाडी जुंपली, डोंगराच्या कडंनं अकरा खेपा करून माती आणली. तरणा असताना त्यानं परभणीच्या उरसात कुस्त्या मारलेल्या. त्यानंच त्या मातीत तेल, ताक, हळद मुरवली, त्यानंच पोरांना डाव शिकवले. दिनकरराव मोजायचे, खाजामियाँ शिकवायचा.

पहिल्याच सोमवारी मी भाकर वाढता वाढता म्हणलं, "दिनकरराव, बायांना बी कायतरी शिकवा की. आमच्या गावात बाई दुसऱ्या बाळंतपणाला म्हातारी व्हती."

ते हसले. "वहिनी, तुम्ही दळता, पाणी आणता. तुमचा व्यायाम आपोआप होतो."

"मंग आमचे गडी नांगर हाकतात, त्यांचा कामून आपोआप व्हत न्हाई?"

परत हसले, अन् म्हणले, वरण वाढा थोडं. मी वाढलं. पण राग धरला. दुसऱ्या दिवशी पहाटं गोठ्यात शेण काढता काढता भिंतीपलीकडून त्यांची मोजणी ऐकू आली. एक, दोन, तीन. मी लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला अन् भिंतीच्या अलीकडं बैठका काढायला लागले. पहिल्या दिवशी दहाला मांड्या भरून आल्या, म्हैस सुदिक माझ्याकडं बघायली. दोन महिन्यांत दीडशेवर गेले. कुणाला सांगितलं न्हाई. सांगून काय, परत वरणच मागितलं असतं.

आता डब्यांचं सांगते. आमी लिंगायत. बाई असो का गडी, गळ्यात लिंग असतंच, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं. ते अंगावरून खाली ठिवायचं न्हाई. रोज तळहातावर घेऊन पूजा केल्याबिगर घास घ्यायचा न्हाई, पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई. अन् खाजामियाँचा नेम असा, की गळ्यात काई असंल तर मातीत उतरायचं न्हाई. कारण पहिल्याच आठवड्यात लिंगराज नावाच्या आमच्यातल्या एका पोराची डबी दुसऱ्याच्या व्हटाला लागून रक्त निघालं. आमच्या समाजाची सात पोरं व्हती तालमीत. सातही जण हौदाच्या काठावर तोंड पाडून बसले. डबी काढावी तर धर्म जातो, न काढावी तर कुस्ती जाती.

तवा माझे मामंजी, ईश्वरअप्पा, सत्तरीचे, काठी टेकीत गेले. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणले, "अंगावरून खाली ठिवायचं न्हाई, एवढंच ना? मंग माझ्या अंगावर ठिवा. अंग कुणाचं का असंना."

तवापासून रोज पहाटं मामंजी हौदाच्या काठावर बसायचे, गळ्यात आपली एक अन् पोरांच्या सात, आठ डब्या घालून. कुस्ती संपली की ज्याची त्याला द्यायचे, तीबी दोन्ही हातांनी. मठाचे स्वामी नाराज झाले, म्हणले असं कुठं असतंय. मामंजी म्हणले, "शिवाला गळ्यांचा हिशेब लागत न्हाई, स्वामी." मी त्यांची सून, मला त्या दिवशी त्यांचा लय अभिमान वाटला.

दोन महिन्यांत पोरं बदलली. छाती पुढं, मान वर. अन् एक दिवस पाटलाचा माणूस वेठीला बोलवायला आला, तर वीस पोरं चावडीपुढं एका रांगेत उभी राहिली अन् म्हणली, येत न्हाई. शिवी न्हाई, दगड न्हाई, नुसतं येत न्हाई. आप्पाराव पाटील तडक उठला. घोडीवर बसला अन् जिंतूरला गेला.

परवान्याबिगर तालीम चालवायची न्हाई, असा त्या राज्यातला हुकूम. दिनकररावांनी अर्ज केलता, पण उत्तरच आलं न्हाई. पाटलाला तेवढंच पुरलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडताना पोलिसांचा अमीन सहा शिपाई घेऊन आला.

खाजामियाँ त्या पहाटं गाडी घेऊन परगावी गेलेला. पोरं लंगोटावर पळाली. पळणाऱ्याला एक वाट, धरणाऱ्याला बारा, एकबी घावला न्हाई. दिनकरराव अन् त्यांचे तिघं भिंतीवरून आमच्या गोठ्यात उतरले. मी बैठक काढायला खाली बसलेली, तशीच राहिले. दिनकरराव म्हणले, "वहिनी, सांभाळा," अन् मागच्या दारानं गेले ते थेट वऱ्हाडात, इंग्रजाच्या मुलखात. काय सांभाळू, ते काई सांगितलं न्हाई.

मामंजी पळणार कुठं? काठावर बसलेले, गळ्यात आठ डब्या.

अमीन म्हणला, "म्हाताऱ्या, इतकी चांदी कुणाची?"

"लेकरांची."

"नावं सांग त्यांची."

"लेकरांची हाय, एवढंच मला ठाऊक."

त्यानं डब्या काढून घेतल्या, म्हणला हाच पुरावा, अन् मामंजींना गाडीत घालून जिंतूरला नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. सांजच्याला कोतवाल निरोप घेऊन आला. म्हाताऱ्यानं आपली डबी घ्यावी अन् घरी जावं, त्याच्यावर गुन्हा न्हाई. बाकीच्या सात ज्यांच्या असतील त्यांनी स्वतः चौकीत यावं, मी बिनपरवाना तालमीत व्हतो असं कागदावर लिहून द्यावं, अन् आपली घ्यावी. पण म्हातारा आपली बी घेईना. म्हणायला, दुसऱ्याची अमानत माझ्या गळ्यात व्हती, सातही जणांना पोचल्याबिगर मी पाणी पिणार न्हाई.

त्या दिवशी सातही पोरं उपाशी राहिली. लिंगच न्हाई तर जेवणार कसं? मला वाटलं, उद्या सगळे मिळून जातील. जाऊन जाऊन काय व्हणार, आठ-दहा दिवस तुरुंग. अंगात ताकद कशाला कमावली व्हती मंग?

दुसऱ्या दिवशी दुपारी मठाचे स्वामी आले. कुणी बोलवलं ते पाटलाला इचारा. लिंग हरवलं तर गुरूनं नवं द्यावं अशी आमच्यात रीत हाय, म्हणून त्यांनी सात नवी लिंगं आणली, मंत्र म्हणले, सातांच्या गळ्यात बांधली. अन् सातही जण जेवायला बसले.

हरवलं तर, म्हणती रीत. हरवलं व्हतं का? कुठं हाय ते शेंबड्या लेकराला ठाऊक व्हतं. जिंतूरच्या चौकीत, पेटीत. अन् त्याच्यासाठी एक म्हातारा तिथं तहानलेला बसलाय, तेबी ठाऊक व्हतं.

त्या सातांत आमचे धनी व्हते, सांबप्पा. मामंजींच्या पोटचा एकुलता एक लेक. मी म्हणलं, "तुमी जायचं न्हाई का? अप्पा उपाशी हायेत."

म्हणले, "अप्पा हट्टी हायेत. अमीन त्यांची डबी द्यायला तयार हाय, त्यांनी घ्यावी. मी गेलो तर घर कोण बघंल?"

मी भाकर वाढली. बाईच्या जातीला वाढावंच लागतं. पण मी स्वतः एक घास घेतला न्हाई. माझं लिंग माझ्या गळ्यात व्हतं, तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाजामियाँच्या दारात गेले. म्हणलं, जिंतूरला जायचं. त्यानं कशाला म्हणून इचारलं न्हाई. मी बोलणं संपवायच्या आत बैल जुंपले.

चौकीत मामंजी कोठडीच्या भिंतीला टेकून बसलेले. व्हट फुटलेले, डोळे आत गेलेले. मला बघून म्हणले, "शांतम्मा, पोरं जेवली का?"

मी त्या माणसाशी कधी खोटं बोलले नव्हते. खरं सांगितलं असतं तर त्यांचा उपास तिथंच सुटला असता, पण माणूस उठला नसता. मी म्हणलं, "न्हाई मामंजी. तुमच्यासाठी बसलेत." त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच ठाऊक व्हतं. त्या मान हलवण्यानं माझ्या मस्तकात जी आग गेली ती आजवर इझली न्हाई.

मी तशीच अमीनपुढं जाऊन उभी राहिले. म्हणलं, "कागद काढा. डब्या माझ्या हायेत."

"कोणती?"

"सातही."

तो हसायला लागला. "एका बाईला सात लिंगं?"

"म्हाताऱ्याच्या गळ्यात आठ बघितल्या नव्हं तुमी? मंग माझ्या सात कामून चालत न्हाईत?"

"अन् तू तालमीत जात होतीस?"

"व्हय."

"काय करत होतीस?"

"बैठका."

त्यानं शिपायांकडं बघितलं, पाय लांब केले अन् म्हणला, "कर बघू. खरी असशील तर लिहितो, खोटी असशील तर तुलाबी आत टाकतो."

भर चौकीच्या अंगणात, बारा-पंधरा गडी बघायलेत, अन् एका घरंदाज बाईला म्हणतो कर बघू. मला लाज वाटंल अन् मी पळून जाईन, असं वाटलं त्याला. मी पदर खोवला, काष्टा आवळला अन् त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सुरू केलं. खाजामियाँ फाटकाजवळ उभा व्हता. तो मोजायला लागला, मोठ्यानं, तालमीत मोजतात तसं. दहाला शिपाई दात काढत व्हते. तिसाला गप झाले. साठाला अमीननं पाय आखडून घेतले. दोन दिवसांची उपाशी व्हते मी, डोळ्यांपुढं अंधारी यायली, पण खाजामियाँचा आवाज काई थांबत नव्हता. शंभर झाले. मी थांबले न्हाई. एकशे विसाला अमीनच म्हणला, "बस. बस कर, बाई."

त्यानं कागदावर लिहिलं, शांतम्मा, आंबेटाकळीची, बिनपरवाना तालमीत बैठका काढीत होती. मी अंगठा उमटवला. सात डब्या अन् मामंजींची आठवी माझ्या वटीत घातल्या. त्याच्या पुढची तारीख कधी आलीच न्हाई. बाईला पहिलवान म्हणून मुन्सफापुढं उभी करायची त्यालाच लाज वाटली असंल.

मामंजींनी आपलं लिंग तळहातावर घेतलं, पूजा केली, मंग खाजामियाँच्या तांब्यातलं पाणी पिले. मुसलमानाच्या तांब्यातलं, व्हय. कुणाला बोलायचंय त्यानं बोलावं.

गाडी गावात शिरली तशी पोरं पाया पडायला आली. मामंजी गाडीतूनच त्यांच्या गळ्याकडं बघायला लागले. सात गळे, सात नव्या डब्या. आमचे धनी सगळ्यांत मागं उभे. मामंजी माझ्याकडं वळले. मंग सातही जुन्या डब्या परत आपल्या गळ्यात घातल्या अन् म्हणले, "ज्याला आपली पायजे त्यानं जिंतूरला जाऊन माझ्या सुनेच्या नावाखाली आपलं नाव लिहावं. मंग माझ्याकडं यावं."

एका महिन्यात पाच जण गेले. एक एक करून गेले, दहा-दहा दिवस तुरुंग भोगून आले, अन् दोन्ही हातांनी आपली डबी घेऊन गेले. त्या पाचांना माझं काई म्हणणं न्हाई. भ्याले व्हते, पण परत गेले. दोघं गेले न्हाईत. एक लिंगराज. दुसरा कोण ते तुमी वळखलं असंल. गेल्या मार्गशीर्षात मामंजी गेले, तवा गळ्यातल्या त्या दोन डब्या काढून माझ्या हातात दिल्या. म्हणले, ह्या तुझ्या हवाली. त्या मी घरातल्या देवळीत ठिवल्या. रोज दिवा लावते. धनी रोज त्याच्यापुढून जातात, अन् कधी तिकडं बघत न्हाईत.

आता दसऱ्याचं. राज्य गेलं, तसे दिनकरराव वऱ्हाडातून आले, गळ्यात हार, तालमीला नवं छप्पर. अध्यक्ष कोण? आप्पाराव पाटील. तीन वर्सांमागं अमीनला आणणारा, आज डोक्यावर पांढरी टोपी. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. दिनकररावांनी दगड वाचून दाखवला. जुलमाला न भिता तालीम जागवणारे सात वीर. पहिलं नाव सांबप्पा, दुसरं लिंगराज. ईश्वरअप्पाचं नाव न्हाई. खाजामियाँचं न्हाई. अकरा खेपा माती ज्यानं आणली तो त्या दिवशी घराबाहेर पडला नव्हता, राज्य बदलल्यापासून तो दाराला कडी लावूनच असतो, अन् कुणाच्या भ्यानं ते आमच्या गावाला चांगलं ठाऊक हाय.

मी बायांतून उठले. पदरात बांधलेल्या दोन डब्या काढल्या अन् त्या दगडावर ठिवल्या. टाळ्या बंद झाल्या.

दिनकरराव म्हणले, "वहिनी, हे काय?"

"तुमी सांभाळा म्हणला व्हता नव्हं? ते सांभाळलं. ज्यांच्या हायेत ते वीर तुमच्या दगडावर पहिले दोन हायेत. त्यांनी उचलाव्या."

लिंगराज उठून गर्दीतून निघून गेला. आमचे धनी उठले. सगळं गाव बघायलं. दगडापाशी येऊन त्यांनी हात पुढं केला, अन् मी त्यांच्या डबीवर हात ठिवला.

"आता चौकी न्हाई, अमीन न्हाई, नाव लिहून घ्यायला कुणी न्हाई," मी म्हणलं. "आता उचलायला सोपं हाय. म्हणून आधी शंभर बैठका काढा. मी एकशे वीस काढल्या व्हत्या, उपाशी पोटी."

पाटील म्हणला, "सांबप्पा, बाईला आवर." पण धनी माझ्याकडंच बघत व्हते, अन् तीन वर्सांत पहिल्यांदा त्यांनी डोळे खाली घातले न्हाईत. धोतर खोवलं अन् मातीत उतरले. मी एक म्हणलं. दोन बायांच्या बाजूनं कुणीतरी म्हणलं. मंग सगळ्या बाया मोजायला लागल्या.

एकतीस झाल्या अन् ते मातीत बसले. धापा टाकत म्हणले, "व्हत न्हाई, शांतम्मा."

मी दोन्ही डब्या परत पदरात बांधल्या. म्हणलं, "राहिलेल्या एकोणसत्तर उद्या पहाटं. अन् मोजायला खाजामियाँ पायजे. त्याच्या दारात जाऊन, सगळ्या गावादेखत, त्याला तुमी हाताला धरून इथवर आणायचं. त्यानं मोजल्याबिगर एकबी धरायची न्हाई."